वेळासची कासवे, भाऊ काटदरे आणि आपल्या समितीचे दोन प्रश्न

आपल्या तालुक्यात नुकत्याच स्थापन झालेल्या पर्यटन समितीच्या वतीने आपण मला दोन प्रश्न विचारले आहेत. एखाद्या प्रदेशाला पर्यटनाच्या नकाशावर आणणाऱ्या, लोकांच्या आदरास पात्र ठरलेल्या माणसाचे कार्यचरित्र अभ्यासून त्यावरून आपण सोबत पाठवलेला आराखडा सुधारायचा झाल्यास ते कोणाचे असावे, हा पहिला. आणि मिळणाऱ्या निधीपैकी जाहिरातीवर किती खर्च करावा, हा दुसरा. गेली पंचवीस वर्षे मी कोकणातील घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्या कुटुंबांना प्रशिक्षण देत आले आहे. पाहुण्याला न्याहारीला काय वाढावे येथपासून शौचकूप घराच्या कोणत्या बाजूला बांधावे येथपर्यंत सर्व प्रकारचे सल्ले मी दिले आहेत आणि त्यांतले काही चुकलेलेही आहेत. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देते.

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर चिपळूणचे विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे असे आहे. आपल्या समितीतील काही सदस्यांना ते खटकेल, कारण भाऊंची ओळख पर्यटन व्यावसायिक अशी नसून निसर्गरक्षक अशी आहे. त्यांनी हॉटेल काढले नाही, सहली नेण्याचा व्यवसाय मांडला नाही आणि कोकणाला कोणाचा कॅलिफोर्निया करण्याची भाषाही केली नाही. तरीही मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाव आज पुण्या-मुंबईच्या शाळकरी मुलांना माहीत आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ते इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक होतेच, परंतु त्या ओळखीच्या बळावर गावात मुक्कामाला येणारी माणसे थोडीच होती. हा बदल कसा झाला, याचा क्रम नीट पाहिला तर आपल्या आराखड्यातील निम्मी कलमे गळून पडतील, असे मला वाटते.

भाऊंनी आणि त्यांच्या मित्रांनी सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ साली चिपळूणला सुरू केली. तिच्या सुरुवातीच्या कामांत समुद्री गरुडांच्या घरट्यांची किनारपट्टीवरील पाहणी हे एक मोठे काम होते. गरुडाची घरटी मोजण्यासाठी किनाऱ्यावरील गावे पायी पालथी घालावी लागतात, कोणत्या वाडीत कोणत्या झाडावर घरटे आहे हे तिथल्या माणसालाच विचारावे लागते, आणि त्या विचारपूशीत गावाची ओळख होत जाते. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील भारतीय पाकोळी या पक्ष्याच्या घरट्यांची चोरीही याच संस्थेने उघडकीस आणली. ही पाकोळी आपल्या लाळेपासून घरटे बांधते आणि ती घरटी खाद्य म्हणून परदेशात मोठ्या किमतीला विकली जात असत. या दोन्ही कामांचा पर्यटनाशी वरवर काही संबंध दिसत नाही. माझ्या मते तो संबंध सर्वांत जवळचा आहे. जो माणूस पुढे एखाद्या गावात पाहुणे आणणार आहे, त्याने आधी अनेक वर्षे पाहुण्यांचा विचारही न करता तो किनारा पायाखाली घातलेला होता.

वेळासच्या वाळूत २००२ साली कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली आणि चौकशी केल्यावर समजले की ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या येथे अंडी घालण्यासाठी येतात. मात्र ती अंडी माणसे काढून नेतात, आणि माणसांच्या हातून वाचलेली अंडी कुत्री व कोल्हे खातात. त्याच हंगामापासून रक्षणाचे काम सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी सुमारे ५० घरटी राखून अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात सोडण्यात आली. अंडी नेणे हा कायद्याने गुन्हा होता, कारण हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परंतु ज्या किनाऱ्यावर अंडी काढणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, तेथे फौजदारीची भीती घालून फार तर एखादा हंगाम निभावता येतो. म्हणून रात्री किनारा फिरणारी माणसे त्याच गावातून निवडली गेली. कासवाचा माग ओळखण्याची नजर त्यांच्याकडे होतीच, केवळ ती नजर आता रक्षणाच्या कामाला लागली.

येथे थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे, कारण हे काम नेमके काय आहे हे समजल्याशिवाय पुढे महोत्सव का भरवावा लागला हे कळत नाही. मादी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात बहुतेक रात्रीच्या वेळी भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद असा सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, आपल्या अंगाने ती दाबते आणि निघून जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकत नाही. पहाटे माग काढणारा कार्यकर्ता ते घरटे शोधतो आणि काही तासांच्या आत अंडी उचलून कुंपण घातलेल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्यासाठी राखलेल्या जागेत, तितक्याच खोलीच्या, त्याच आकाराच्या खड्ड्यात पुरतो. हे करताना अंडे उलटेपालटे होऊ द्यायचे नसते, कारण आतला गर्भ कवचाला चिकटू लागला की ती उलथापालथ त्याच्या जिवावर बेतते. पुढचे पन्नास-पंचावन्न दिवस वाळूचे तापमान राखावे लागते, कारण पिल्लू नर होणार की मादी हे गुणसूत्रांवर नव्हे, तापमानावर ठरते. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्हींचे प्रमाण सारखे राहते आणि वाळू त्याहून तापली की माद्या वाढतात. मुदत भरत आली की घरट्यावर टोपली उपडी घालून ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. पिल्ले वर आली असतील तर ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडली जातात आणि ती आपल्या पायांनी चालत समुद्र गाठतात. अभ्यासकांच्या सर्वसाधारण अंदाजानुसार हजारांत एखादेच पिल्लू वाढून मोठे होते.

आता या सगळ्याला लागणारी माणसे मोजा. नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत रोज रात्री व पहाटे किनारा चालणे आणि हॅचरीवर पहारा ठेवणे हे उत्साहाच्या भरात होणारे काम नाही. त्याला दरमहा मानधन लागते, आणि एखाद्या चिमुकल्या संस्थेने देणग्यांवर ते किती वर्षे पुरवावे? शिवाय मानधन मिळते ते तीन-चार माणसांना. उरलेल्या गावाला कासव वाचले काय आणि न वाचले काय, सारखेच. २००६ साली सुरू झालेला कासव महोत्सव हे या अडचणीवरचे उत्तर होते. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोकांनी यावे, गावातल्याच घरांत राहावे, तिथेच जेवावे आणि त्याचे पैसे त्या घराला द्यावेत, अशी ती सरळ व्यवस्था होती. माझ्या लेखी भाऊंच्या कार्यातील ही सर्वांत मोलाची जागा आहे. पर्यटन हे येथे साध्य नव्हते; ती अंडी राखल्याबद्दल गावाला मिळणारी मजुरी होती, आणि ती मजुरी सरकारने किंवा संस्थेने न देता पाहुण्याने द्यावी, एवढाच काय तो फरक होता. ज्या घरात पाहुणे जेवू लागतात, त्या घरातला माणूस अंडी विकणाऱ्याला रस्त्यात अडवतो. तेथे पहारेकऱ्याची संख्या आपोआप वाढते.

आमच्या धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर या योजनेत आणखी एक हुशारी होती. कोकणातल्या घरांत खोल्यांना तोटा नसतो. चाकरमानी मुंबईत असतात. गणपतीला आणि शिमग्याला घर भरते आणि एरवी ओटी, पडवी, माजघर आणि एखादी माडी असा मोठा पसारा दोन म्हातारी माणसे झाडत बसलेली असतात. म्हणजे भांडवल पडूनच होते. कमतरता होती ती शौचकूप आणि न्हाणीघर यांची, आणि पाण्याची. मी अनेक गावांत पाहिले आहे की मालक खोलीत रंगीत फरशा बसवतो, भिंतीला गुलाबी रंग देतो आणि शौचकूप मात्र परसात, विहिरीच्या पलीकडे, रात्री विजेरी घेऊन जावे लागेल असे ठेवतो. शहरातली पाहुणी बाई एका रात्रीत परत जाते ती या एका कारणाने. गुलाबी भिंतीकडे ती पाहतही नाही. वेळाससारख्या गावांत पाहुणे पडवीत गाद्या घालून झोपले, पंगतीला बसले, कुळथाचे पिठले, भाकरी आणि सोलकढी जेवले, आणि त्यांतल्या कोणी तक्रार केली नाही. कारण जे पाहायला ते आले होते ते दुसरीकडे मिळणार नव्हते आणि जेवण वाढणारी बाई त्यांच्याशी बोलत होती. (आंबोळी आणि घावन यांतला फरक पाहुण्यांना समजावून सांगण्यात कोकणातील गृहिणींच्या आयुष्यातला किती वेळ गेला असेल, याचा हिशेब एकदा करायला हवा.)

हंगामाचा विचारही तसाच बारकाईने पाहण्याजोगा आहे. किनारपट्टीचे पर्यटन दिवाळी, नाताळ आणि मे महिना या तीन गर्दीच्या काळांवर जगते. पिल्ले बाहेर येण्याचा मुख्य काळ फेब्रुवारी ते एप्रिल हा आहे. म्हणजे नाताळ आटोपलेला, शाळांच्या सुट्ट्या लागायच्या बाकी आणि बागायतदाराच्या हातात आंब्याचा पैसा अजून यायचा असलेला असा हा कोरडा मधला काळ. नेमक्या त्या दिवसांत घरात रोख रक्कम आली की तिची किंमत मे महिन्यातल्या रकमेच्या दुप्पट वाटते. हा योग कासवांनी जुळवून आणला असे कोणी म्हणेल, परंतु तो ओळखून त्याभोवती गावाची व्यवस्था बांधणे हे माणसांचे काम होते. आपल्या आराखड्यात मला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील ‘भव्य किनारा महोत्सव’ दिसला. त्या आठवड्यात आपल्या किनाऱ्यावर आधीच पाय ठेवायला जागा नसते, मग त्या महोत्सवाने नेमके कोणते पोट भरणार आहे?

एका धोक्याविषयी मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण वेळासचे यश पाहून इतरत्र त्याची नक्कल होते तेव्हा नेमका तोच धोका डोके वर काढतो. पिल्ले कोणत्या दिवशी बाहेर येतील हे कोणालाही सांगता येत नाही. दूरवरून प्रवास करून आलेला पाहुणा सकाळी टोपली रिकामी निघालेली पाहून चिडतो, आणि मग संध्याकाळी वर आलेली पिल्ले सकाळच्या गर्दीसाठी डब्यात राखून ठेवण्याचा मोह यजमानाला होतो. पिल्लाच्या अंगात पहिल्या दिवसाची पोहण्याची जी शक्ती असते ती त्या डब्यात धडपडून संपते आणि ते थकलेले पोर समुद्रात जाते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गावात मी स्वतः हे होताना पाहिले. त्या गावाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तिथल्या निवासांना ‘पाहुण्याला निराश होऊन परत पाठवू नका’ असा सरसकट सल्ला देणाऱ्यांत मी होते. त्यानंतर मी माझ्या प्रशिक्षणात पहिले वाक्य बदलले. आता मी यजमानांना शिकवते की नोंदणी घेतानाच ‘पिल्ले दिसतीलच असे नाही’ हे स्वच्छ शब्दांत सांगावे आणि ते ऐकूनही जो येईल त्यालाच घ्यावे. किनाऱ्यावर बांधलेली दोरी, मोबाईलचा दिवा न लावण्याची सूचना, पिल्लाला हात न लावण्याची ताकीद या गोष्टी पाहुण्यांना जाचक वाटतील अशी भीती यजमानांना वाटत असते. माझा अनुभव उलटा आहे: दोरीमागे उभे केलेले शहरी लोक आपण काही मोलाचे पाहत आहोत असे समजून गप्प होतात.

गर्दीचे गणितही याच ठिकाणी येते. सलग सुट्ट्यांच्या दिवशी वेळासला होणारी गर्दी मला योग्य वाटत नाही आणि ती वाटते असे मी कोणाच्याही भिडेखातर म्हणणार नाही. गावात जितकी अंथरुणे तितकीच माणसे किनाऱ्यावर, हा नियम पाळायला सोपा आहे, पण दिवसभरासाठी येऊन जाणाऱ्या गाड्या तो मोडतात. या गाड्या गावात काही ठेवून जात नाहीत, कचरा सोडून.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. वेळासची पद्धत हरिहरेश्वर, दिवेआगर, आंजर्ले, दाभोळ, गुहागर अशा रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर आणि सिंधुदुर्गातही पोहोचली. वनविभाग सुरुवातीपासून सोबत होताच, आणि कालांतराने रक्षणाची जबाबदारी मुख्यतः त्याच्याकडे व गावांतल्या कासवमित्रांकडे गेली. जो प्रवर्तक आपले काम दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला होऊ शकतो, त्याचे काम टिकते; स्वागतकमानीवर स्वतःचा फोटो लावणाऱ्यांना हे जमत नाही. २०२० साली आधी टाळेबंदी आली आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड, दापोली, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्न देईपर्यंत सहा-सात वर्षे जातात, त्यामुळे त्या काळात पडवीत झोपणाऱ्या पाहुण्याचे पैसे अनेक घरांना बागेहून भरवशाचे वाटले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील असे ते पहिले कासव, म्हणून तिचे नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला असेच यंत्र बसवलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा आमच्या प्रशिक्षणवर्गातल्या बायका रोज तिचा नकाशा मोबाईलवर पाहत असत.

भाऊंच्या कार्याच्या उत्तरार्धातील एक प्रसंग आपल्या समितीने अवश्य अभ्यासावा. सह्याद्री निसर्ग मित्रने खवले मांजराच्या रक्षणाचे काम हाती घेतले तेव्हा कासवासारखा महोत्सव शक्य नव्हता, कारण हा प्राणी निशाचर, लाजरा आणि शिकाऱ्यांच्या डोळ्यांवर आलेला. त्याचा ठावठिकाणा जाहीर करणे म्हणजे त्याला मारण्यासारखेच. २०२० च्या फेब्रुवारीत चिपळूण तालुक्यातील डुगवे गावात खवलोत्सव झाला आणि त्यात खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून शिमग्याच्या रीतीने ती नाचवण्यात आली. पाहुण्यांना प्राणी दाखवायचा नाही, गावाच्या मनात मात्र त्याला पालखीचा मान मिळवून द्यायचा, असा हा उलटा मार्ग आहे. काय दाखवावे हे ज्याला कळते त्याला काय दाखवू नये हेही कळले पाहिजे. आपल्या तालुक्यातील देवराया ‘साहसी पर्यटना’साठी खुल्या करण्याचे कलम वाचताना मला डुगव्याची पालखी आठवली. ते कलम काढून टाकावे, अशी माझी विनंती आहे.

सरकारी प्रयत्नांविषयी आपण विचारलेले नाही, तरी एक वाक्य लिहिते. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या न्याहारी व निवास योजनेने अनेक घरांना नोंदणीचा कागद मिळवून दिला. या तिन्ही गोष्टींचा उपयोग झाला आहे आणि आपणही त्या योजनेत घरांची नोंदणी करून घ्यावी. परंतु रेल्वेतून उतरलेला माणूस अमुक एका गावाला का जाईल, हे ठरवणारे कोणीतरी त्या गावाच्या वाळूत आधी दहा वर्षे चाललेले असावे लागते.

आता जाहिरात. पहिली दोन वर्षे तिच्यावर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे मत आहे, आणि हे मी हातचे राखून सांगत नाही. त्या रकमेतून आधी शौचकूप बांधावेत, मग किनाऱ्यावर किंवा जंगलात राखणीला माणसे नेमून त्यांचे संपूर्ण हंगामाचे मानधन बाजूला काढून ठेवावे, आणि उरलेल्या पैशांतून ज्या घरांत पाहुणे उतरणार आहेत त्या घरांतील प्रत्येकी एका व्यक्तीला आठवडाभर वेळास किंवा आंजर्ल्याला पाहुणी म्हणून राहायला पाठवावे. पाहुणा म्हणून राहिल्याशिवाय यजमान होता येत नाही. आपल्याकडे राखण्याजोगे काय आहे, हे ठरवण्यासाठी गावातील कोळी, गुराखी आणि वाडीत शिंपणे करणाऱ्या माणसांना विचारावे. आपल्या आराखड्यात त्यांपैकी एकाचाही उल्लेख मला आढळला नाही.

समितीच्या यादीत सोळा नावे आहेत आणि ती सर्व पुरुषांची आहेत. पाहुण्यांचे अंथरूण, चहा, पाणी, जेवण आणि रुसवा हे सगळे ज्यांच्या अंगावर पडणार आहे त्या बायकांना पुढच्या बैठकीला बोलवावे, आणि ती बैठक दुपारी तीननंतर ठेवावी. त्याआधी त्यांचे स्वयंपाकघर आवरलेले नसते.